विहिरीतला बगळा

आमच्या घरात कुणी कुणाला हाक मारत नसे. आबा तिकडे गुजरातेत, गोडादऱ्यात, एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, माग चालवत. भाऊ सतरा-अठराचा झाला तेव्हा तोही त्याच खात्यात लागला. त्या खडखडाटात ओरडून काही उपयोग नसतो हे तिथं पहिल्याच दिवशी कळतं, म्हणून कारागिरांनी आपली हातांची बोली केलेली असते. दोन बोटं झटकली की धागा तुटला. मूठ तोंडाकडे नेली की चल, जेवून घेऊ. पोटावर हात गोल फिरवला की शेठ आला, सांभाळ. ही बोली आबांबरोबर घरी आली आणि घरातच राहिली, कारण वीस वर्षांच्या मागांनी त्यांचे कान जवळपास नेले होते. मायही भाकरी थापताना कोपरानंच ‘पाणी आण’ म्हणून सांगायची. मी गल्लीच्या एका टोकाला आणि आबा दुसऱ्या टोकाला असलो तरी आमचं निवांत बोलणं चाले. शेजारच्यांना वाटे, ही धुळ्याकडची माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, काहीतरी बिनसलंय. आम्हाला ते ऐकून हसू येई. पुढे जे झालं ते आठवलं की त्या हसण्याचीच लाज वाटते.

खोली एकच, पुढे अरुंद ओटा. भिंतीपलीकडे एक लहान खातं होतं, त्यामुळे सकाळी डोळे उघडण्याआधी खटखट कानात शिरायची आणि ताटातल्या वरणावर बारीक लाटा उठायच्या. पाहुणे आले की ते वरणाकडे बघत बसत. आम्हाला मात्र बुधवारी वीज बंद असली की चुकल्यासारखं व्हायचं. माय कळण्याची भाकरी आणि ठेचा करायची. सणाला मांडे, आणि एरवी जे असेल ते. कोपऱ्यात एक काळा-पांढरा टीव्ही होता. त्याचं बटण कधीच तुटलेलं, पक्कडीनं फिरवावं लागे. त्या टीव्हीला भाऊनं टीव्ही गेम जोडला आणि आमच्या घरात पहिल्यांदा माणसांचा नसलेला, मागांचाही नसलेला आवाज आला.

तो गेम त्याला खात्यातल्या एका ओडिया कारागिरानं गावी जाताना दिला होता. राखाडी डबा, बटणांचे दोन हातळे, आणि एकच कॅसेट. कॅसेटवरचं नाव कुठल्या भाषेत होतं देव जाणे. आम्ही त्याला कंदीलवाला म्हणायचो. हातात कंदील घेतलेलं एक बुटकं पात्र खाणीत उतरतं, फळ्यांवरून उड्या मारतं, वटवाघळं चुकवतं, आणि खड्ड्यात पडलं की कंदील विझतो. एवढंच. पण ते एवढंच आम्ही दोघं रविवारी दुपारभर खेळायचो. मी वाईट खेळायची. माझ्या हाताला घाई फार. भाऊ मात्र मागावर उभा राहावा तसा खेळे, खांदे सैल, नजर सगळ्या पडद्यावर एकदम. मागावर असंच बघावं लागतं, तो म्हणायचा. एका धाग्याकडे टक लावली की दुसरा तुटलेला दिसत नाही.

चौथ्या टप्प्याला विहीर होती. तिथं सूर बदलायचा, खालच्या पट्टीत जायचा, आणि खाली बघितलं तर अंधार. पार उतरायला एक फळी होती, पण ती सरकती, आणि ती कधी येणार हे कळायला एकच खूण होती. विहिरीच्या उजव्या कडेला वर एक पक्षी बसलेला असे. त्यानं पंख उचलला की एक, दोन म्हणायचं आणि उडी घ्यायची. फळी पायाखाली येतेच. आमच्या टीव्हीवर तो पांढरा दिसे, म्हणून आमच्यासाठी तो बगळा. भाऊ बगया म्हणे, आमच्या बोलीत बगळ्याला बगयाच म्हणतात. ही खूण भाऊनं स्वतः शोधून काढली होती, कुणी सांगितली नव्हती. गल्लीतली पोरं विहिरीशी आली की त्याला बोलावून नेत. भाऊ हात धुऊन जाई आणि एका उडीत पार करून परत येई. त्याच्या तेवढ्या चालण्यात जो रुबाब होता, तसा मी नंतर कुणाच्या चालण्यात पाहिला नाही.

धोटा उडाला तो दिवस मी लांबवणार नाही. धोटा म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी टोकं असलेला. तो उडू नये म्हणून पुढे जाळी असते. तुटलेला धागा जोडताना जाळी हाताला आडवी येते, म्हणून जाळी काढून ठेवायची ही सगळ्या खात्यांची रीत होती. आबांनीही आपल्या मागाची काढली होती. भाऊ त्यांच्या मागाजवळ बॉबिन द्यायला वाकला आणि धोटा सुटून त्याच्या उजव्या डोळ्यात गेला. कुणी ओरडलं असेल तरी कुणाला ऐकू आलं नाही. आबांनी पाहिलं तेव्हा भाऊ गुडघ्यांवर बसला होता आणि एका हातानं दोन बोटं झटकत होता, धागा तुटला, धागा तुटला. दुसरी खूण त्याला त्या क्षणी सुचली नसावी.

मोठ्या सरकारी दवाखान्यात डोळा शिवला, पण त्यात नजर राहणार नाही हे डॉक्टरीणबाईंनी लगेच सांगितलं. त्यांचं म्हणणं होतं, हा डोळा काढून टाकलेला बरा, नाहीतर कधीकधी जखमी डोळ्यापायी चांगला डोळाही सुजतो. माय उभीच राहिली. “डोया दिसो का नको दिसो,” ती म्हणाली, “तोंडवर ऱ्हावाले पाहिजे. मना पोऱ्यानं लगीन बाकी शे.” बाईंनी पुन्हा समजावलं, मायनं पुन्हा तेच सांगितलं. शेवटी त्यांनी मला जवळ बोलावलं, कारण शाळेत जाणारी मी एकटी. त्या हिंदीत सावकाश म्हणाल्या, दुसरा डोळा लाल झाला, उजेड सोसेना, धुरकट दिसायला लागलं, तर त्याच दिवशी आणायचं, उद्यावर ढकलायचं नाही. मी ते कागदाच्या मागे मराठीत लिहून घेतलं. माझं अक्षर चांगलं होतं. कागद देवाच्या फोटोमागे ठेवला. तो आजही माझ्याकडे आहे, आणि अक्षर खरंच चांगलं आहे.

भाऊ घरी आला तो काळा चष्मा लावून. डोक्याला हिसका बसू द्यायचा नाही, पडून राहायचं, असं सांगितलं होतं. आठवड्यानं शेठ आले. आबांनी पोटावर हात फिरवला तेव्हा मी ओट्यावरच होते. शेठनी सफरचंदं आणली, माणसानं धीर धरला पाहिजे असं काहीतरी गुजरातीत म्हणाले, आणि जाताना पिशवीतून एक वस्तू काढली. त्यांच्या मुलाचा हातातला गेम. मुलाला आता नवा मिळाला होता. “पडून पडून कंटाळा येतो पोराला,” ते म्हणाले. ती वस्तू तळहाताएवढी, जांभळी, वर छोटा पडदा. सोबत तीन इवल्या कॅसेटी, आणि त्यातली एक आमची. तोच बुटका, तोच कंदील. भाऊनं ती बोटांनी ओळखल्यासारखी उचलली आणि कितीतरी दिवसांनी हसला. डोळ्याच्या बदल्यात खेळणं. मला तेव्हा त्याचा राग आला नाही, मी पण खूश झाले. राग यायला मला दहा वर्षं लागली.

आता त्या छोट्या डब्यातल्या कंदीलवाल्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं तिथंच अडकलंय. पहिल्यांदा आम्हाला त्यात रंग दिसले. कंदिलाची वात नारिंगी होती, खाणीचे दगड तपकिरी. आम्ही दोघं एकमेकांना ढकलत बघत होतो. पण खेळायला लागलो आणि रंगाचं कौतुक ओसरलं. टीव्हीवर जेवढी खाण एका वेळी दिसे तेवढी इथं दिसतच नव्हती. खेळ बनवणाऱ्यांनी खाण लहान केली नव्हती, खिडकी लहान केली होती. बुटका मध्ये आणि त्याच्या भोवती हातभर जागा, त्यापलीकडे काय आहे ते पुढे सरकल्यावरच कळणार. टीव्हीवर खड्डा लांबून दिसे, इथं पायाखाली आल्यावर. वटवाघूळ कडेवरून अचानक अंगावर येई. सुरातला खालचा भाग गायब, नुसती वरची पिपाणी उरलेली. बुटका थोडा हळूही झाला होता, उडी मारून जरा जास्तच वेळ हवेत राही. काही दगड, काही शिड्या तर साफ गाळलेल्या. वरून पडद्याला आतला दिवा नाही. उजेडाकडे तिरपा धरल्याशिवाय काही दिसत नसे, आणि फार उजेडात धरला तर नुसती चकाकी. मी पहिल्या टप्प्याच्या तिसऱ्या खड्ड्यापलीकडे कधी गेले नाही. दोनदा पडले की भाऊच्या हातात देऊन मोकळी.

माझी लेक मयुरी हे ऐकते तेव्हा म्हणते, “मम्मी, वो तो सब गेम में होता था. बडी स्क्रीन का गेम छोटी में डालते थे तो काट-छाँट करनी ही पडती थी.” तिचं बरोबर आहे. पण तिला कसं सांगू, की त्या काटछाटीवर मी वीस-बावीस वर्षं जगले आहे?

भाऊ रोज ओट्याच्या कडेला बसून खेळू लागला. चष्मा कपाळावर सरकवायचा, डबा उजेडाकडे तिरपा करायचा, पुन्हा सरळ, पुन्हा तिरपा. आधी तो धडाधड पुढे गेला. आंधळ्या उड्यासुद्धा त्याला पाठ होत्या, टीव्हीवरची अख्खी खाण त्याच्या डोक्यात होती. दहा-बारा दिवसांत विहिरीच्या अलीकडच्या टप्प्यापर्यंत पोचला. मग पडायला लागला. विहिरीशी नव्हे, आधीच, सोप्या जागी. “खड्डाच दखात नही,” तो चिडून म्हणे. मी म्हणे, मलाही कुठे दिसतो? डोळ्यातून पाणी यायचं त्याच्या. माय म्हणायची, “तो डबाच तसा शे, डोया खास.” ते खरं वाटावं असंच होतं, कारण त्या बिनदिव्याच्या पडद्याकडे अर्धा तास बघितलं तर माझ्याही डोळ्यांना पाणी येत होतं. पुढे तो ओट्यावरून आत आला, म्हणाला उजेड टोचतो. काळा चष्मा दिवसभर राहू लागला, त्यामागचा डोळा लाल आहे की पांढरा हे कोण बघणार?

आणि आबांशी त्याचं बोलणं तुटलं. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. आबा पाळीवरून येत, दारातून मूठ तोंडाकडे नेत, जेवलास का? भाऊ उत्तर देत नसे. आबा पुन्हा विचारत, जरा जवळ येऊन. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसलेला. पहिल्या दिवशी आबांनी हात खाली घेतला. दुसऱ्या दिवशी ते दारातच थांबले. चोराच्या मनात चांदणं. जाळी आपण काढली होती, हे त्यांच्या मनातून एक क्षण हललं नव्हतं, आणि पोरगं आता तेच न बोलता आपल्याला सांगतंय, अशी त्यांची खात्री झाली. दुसऱ्या एखाद्या घरात बापानं तोंडानं विचारलं असतं, “काय रे, जेवलास?” आणि पोरानं तोंडानं सांगितलं असतं, “हो आबा.” सगळा उलगडा त्याच घडीला झाला असता. आमच्याकडे मात्र हाताला उत्तर मिळालं नाही याचा अर्थ एकच, माणूस रुसलाय. रुसलेल्याला छेडायचं नाही, आपणहून निवळेल, ही पण आमच्या घरची रीत. मायनं मला डोळ्यांनी दटावलं, तू मध्ये पडू नको. मी पडले नाही.

एका दुपारी मी पीठ मळत होते. त्या दिवशी मी तापलेलीच होते, शाळेतली एक मैत्रीण विनाकारण बोलून गेली होती. भाऊ दाराजवळ बसला होता. पाठ उड्यांवर तो विहिरीशी पोचला होता, डब्यातून तिचा तो सूर येत होता, पिपाणी उरलेला. थोड्या वेळानं तो म्हणाला, “सुनी, जरा देख ना. बगया शे का तठे?”

माझे हात पिठातच होते. त्यानं डबा माझ्याकडे वळवून धरला, हातभर लांब. मला तिथून चकाकीशिवाय काही दिसलं नाही. दोन पावलं गेले असते, वाकले असते, तर दिसलं असतं. मी मान वर केली आणि खाली घातली.

“नही,” मी म्हटलं. “तेसनी काढी टाकेल शे. इतलासा डबामा काय काय मावई?”

“पक्कं देखं ना?”

“हा रे बा. नही तठे.”

त्यानं डबा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, “तरीच.” आणि मला आठवतंय, त्याचा आवाज मोकळा झाला होता. ओझं उतरल्यासारखा. मला तेव्हा वाटलं, अडलेला टप्पा का अडलाय हे कळलं म्हणून असेल.

त्यानंतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे दिवाळीहून मोठं असतं. मायनं पहाटेच पुरण शिजवलं, खापर तापवून त्यावर मांडे टाकले, रुमालाएवढे, पलीकडचं दिसेल इतके पातळ. केसर आंब्याचा रस केला. घरभर विलायचीचा वास, भिंतीपलीकडचं खातं सणाचं बंद, आणि वरण शांत. आबांनी नवा सदरा घातला होता. ते आज मिटवायचं ठरवूनच बसले होते, हे त्यांच्या खांद्यांवरून मला कळत होतं. त्यांनी रसाची वाटी भरली, स्वतः उठले, भाऊच्या समोर उकिडवे बसले आणि वाटी पुढे केली. दुसरा हात स्वतःच्या कानाला लावला. ही खात्यातली खूण नव्हती. चुकलो, असं आबांनी आम्हा कुणालाही त्याआधी म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

भाऊ समोर बघत होता. चष्मा काढलेला, कारण सणाचं तोंड धुतलं होतं. चांगला डोळा लालबुंद, पण उघडा, आणि आबांच्या तोंडाकडे सरळ लागलेला. त्यानं वाटी घेतली नाही. आबांचा हात तसाच. मायनं पदर तोंडाला लावला. मी मनात म्हणत होते, घे ना रे, घे ना, किती अंत बघशील? मग आबांनी वाटी आणखी पुढे नेली, ती भाऊच्या गुडघ्याला लागली आणि सांडली. पिवळा रस त्याच्या पायजम्यावरून फरशीवर ओघळला.

भाऊ दचकला. हात चारी बाजूंना फिरवत म्हणाला, “काय पडनं? कोन शे?”

आबांना ते ऐकू गेलं नाही. पण त्यांनी त्याचे हात पाहिले. हातांची भाषा त्यांच्याइतकी कुणाला कळत होती? त्यांनी भाऊच्या डोळ्यांसमोर आपला तळवा हलवला, एकदा, दोनदा, मग फार जवळून. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जो आवाज काढला तो मी लिहू शकत नाही. बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा होतो ते कळत नसतं.

रिक्षात मी तो कागद हातात धरून बसले होते. लाल झाला तर, उजेड सोसेना तर, धुरकट दिसलं तर. तिन्ही. दवाखान्यात त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रागावणंसुद्धा टाळलं, हे मला जास्त लागलं. डोळ्यात औषध घातलं, सुया दिल्या, ठेवून घेतलं. मग भाऊला विचारलं, धुरकट कधीपासून दिसायला लागलं? भाऊ हिंदीत म्हणाला, “मालूम ही नही पडा, मॅडम. मेरे को लगा वो गेम का पडदा ही खराब है. एक दिन शक आया था. उसमें एक पक्षी रहता है, वो नही दिखा. तो मैंने बहन को पूछा. उसको भी नही दिखा. तो समझा, डब्बे का ही दोष है. बाद में सब धुंधला हुआ तो लगा, डब्बा देख देख के है, उतर जाएगा.”

बाईंनी विचारलं, ये कितने दिन पहले की बात? भाऊनं माझ्या दिशेला तोंड केलं. “सुनी, कितला दिन व्हयनात?” मी म्हटलं, अठरा. बाईंनी कागदावर लिहिलं. पेन उचलताना त्या एक क्षण थांबल्या. तेव्हा आणलं असतं तर? हे मी विचारलं नाही. पुढे कधीतरी आबांनी खुणेनं मला विचारायला लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, पण बरंच वाचलं असतं. हे मी आबांना सांगितलं नाही. मान हलवली, काही फरक पडला नसता.

महिनाभरानं भाऊ घरी आला तो उजेड आणि अंधार एवढंच ओळखणारा. आणि मग आमच्या घराचं जे झालं ते शत्रूच्याही घराचं होऊ नये. बापाला ऐकू येत नाही, पोराला दिसत नाही. आबा हात हलवत राहत आणि भाऊ तोंडानं बोलत राही, एका खोलीत, चार हातांवर. सांगायचं तर मला दोघांमध्ये बसावं लागे. आबांच्या हातातलं भाऊच्या कानात, भाऊच्या तोंडचं आबांच्या डोळ्यांपुढे. कधी मी शाळेत असले तर ते दोघं माझी वाट बघत गप्प बसून असत. आबा गेले तेव्हाही शेवटचं ते जे काही हातांनी म्हणाले ते मीच भाऊला सांगितलं. ते जाळीविषयी होतं. भाऊ म्हणाला, “तेसले सांग, माले माहितच व्हतं. मना राग नव्हता.” मी सांगितलं. आबांनी पाहिलं की नाही, ठाऊक नाही.

तो जांभळा डबा मायनं आखाजीच्या दुसऱ्या दिवशीच शेठच्या घरी परत पाठवला. मी त्यात पुन्हा बघू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. कारण मी मनाशी एक गोष्ट धरून बसले होते. छोट्या डब्यात पुष्कळ काही गाळलं होतं हे मी स्वतः पाहिलं होतं. शिड्या गाळल्या, दगड गाळले, सुराचा अर्धा भाग गाळला. मग बगळा पण गाळला असेल. म्हणजे मी न बघता बोलले, पण बोलले ते खरंच निघालं असेल. तेव्हा भाऊला डब्याचाच दोष वाटला तर तो डब्याचाच होता, माझा नाही. असं मी कित्येकदा घोळवलं. लग्न होऊन कोसाडला आले, माय गेल्यावर भाऊला आपल्या घरी घेऊन आले, तरी घोळवत राहिले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. माझी काडी एक न दिसलेला पक्षी होती.

गेल्या वर्षी मयुरीनं पहिल्या पगारातून एक हातातला गेम आणला. नवा, पण आत सगळे जुने, टीव्हीवरचेही आणि छोट्या डब्यांवरचेही, शेकडो. यादी सरकवता सरकवता तिच्या बोटाखालून तो बुटका गेला. मी म्हटलं, थांब. दोन होते, एक मोठ्या पडद्याचा, एक छोट्याचा. ती म्हणाली, “मम्मी, मोटावाळो रमो ने, ए सारो छे.” मी छोटाच घेतला. मग रोज दुपारी, ती कामावर गेली की, मी खेळत बसायची. चाळिशी हाकेच्या अंतरावर आलेली बाई, चष्मा नाकावर, खड्ड्यात पडतेय. पहिला टप्पा ओलांडायलाच आठवडा गेला. आवाज बंद ठेवायची. भाऊ त्याच खोलीत खिडकीपाशी चिंध्यांच्या पायपुसण्या विणत बसलेला असतो. लाकडी चौकटीवर बोटांनी चाचपत विणतो, आणि दोन वेढ्यांत फट सापडणार नाही असं विणतो.

विहिरीशी पोचले त्या दिवशी अंगठा चुकून कुठे लागला आणि आवाज सुरू झाला. तो सूर. खालचा भाग नसलेला, पिपाणी उरलेला.

भाऊचे हात थांबले.

“विहीर उनी,” तो म्हणाला. मग त्यानं अगदी त्याच आवाजात विचारलं, “सुनी, बगया शे का तठे?”

या वेळी मी बघितलं. डबा नाकाशी धरून बघितलं. बुटका विहिरीच्या काठावर उभा होता, भोवती हातभर खाण. उजव्या कोपऱ्यात, वर, पडद्याच्या कडेनं अर्धा कापलेला, पण होता. त्यानं पंख उचलला, खाली घेतला. पुन्हा उचलला.

“शे,” मी म्हटलं.

“कोठे?”

“उजवा कोपरामा. अर्धा दखास.” मग मला राहवलं नाही. “भाऊ, तो पिवया शे रे. आपन पांढरा समजूत.”

“पिवया,” तो म्हणाला. त्यानं पायपुसणीची चिंधी बोटांत धरली, सोडली, पुन्हा धरली. तोंड माझ्याकडेच होतं.

“मंग तवय तू देखंच नही.”

मी मान हलवली. आमच्या घरात उत्तर असंच द्यायची सवय. तो वाट बघत राहिला. बुटका काठावर उभा, पक्ष्याचा पंख वर-खाली होतोय, आणि भाऊ वाट बघतोय, तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मान त्याला दिसत नाही.

“नही,” मी म्हटलं, मोठ्यानं. “नही देखं.”